डब्याला नव्या काचा

"राहू द्या आता ती काच," आक्काबाई म्हणाली. "लोकल चुकंल माझी."

जानूभाऊंनी मान वर करून बायकोकडे पाहिलं नाही. काडीच्या टोकाला मेणाचा ठिपका होता आणि त्यावर नखाएवढी काच चिकटली होती. श्वास रोखून त्यांनी ती खेळण्यातल्या डब्याच्या खिडकीत टेकवली. खेळण्यातला म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. मॉडेल म्हणायचं. आंबीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून ते कान्ह्यातल्या आपल्या दोन खोल्यांत असे छोटे रेल्वेचे डबे मांडून बसायचे, आणि आळीतली माणसं म्हणायची, भाऊंना दुसरं बालपण जरा लवकरच आलं.

हा डबा एसीचा होता आणि आज तो आक्काबाईच्या पिशवीतून हैदराबादला जायचा होता. तिथं त्यांची नात होती. चार वर्षांची, आणि भाऊंनी मोबाइलच्या बाहेर कधी न पाहिलेली. डबा दुकानातून आला तेव्हा सगळ्या खिडक्यांना आतून जाड प्लास्टिकची एकच सलग पट्टी होती. तिच्यामागची बाहुली-माणसं वाकडीतिकडी दिसायची, चेहरा कुठला नि खांदा कुठला कळायचं नाही. भाऊंनी ती पट्टी उचकटून टाकली. पातळ पारदर्शक शीट आणली, एकेका खिडकीच्या मापाने कापली, कडा घासल्या आणि पांढऱ्या गोंदाने बसवली. लगेच चिकटणाऱ्या गोंदाने काच धुरकटते, म्हणून त्याला ते शिवलेसुद्धा नाहीत. बसवल्यावर काच नाहीच असं वाटलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

आक्काबाईला या हट्टाचं हसू यायचं आणि संतापही यायचा. बाहुल्यांचे चेहरे स्वच्छ दिसावेत म्हणून हा माणूस दिवसचे दिवस खपत होता, आणि पोटच्या पोरीचा चेहरा बघायला जात नव्हता.

"तिकिटं दोन हायेत," ती म्हणाली. "पोरीनं नवं घर घेतलंय. उद्या बुद्धवंदना हाय. तुमच्या हातानं द्या की हे नातीला."

"तूच दे."

"नात इचारती, आमच्या आजोबाला पाय न्हाईत का म्हणून."

भाऊंना हसू आलं, पण ते ओठांवर टिकलं नाही. जावंसं त्यांना फार वाटायचं. कान्ह्याच्या स्टेशनातून लांबची गाडी न थांबता धडधडत गेली की हातातलं काम टाकून ते दारात येऊन उभे राहायचे. शेवटचा डबा दिसेनासा झाला तरी तिथंच.

"मला बोलावणं न्हाई," ते म्हणाले.

"बापाला बोलावणं लागतं व्हय?"

"बोलावणं नसलं तरी जाईन. पण नको म्हणल्यावर कसं जायचं?"

पिशवीची चेन लावता लावता आक्काबाई थांबली. "नको कोण म्हणलं?"

पाच वर्षांत भाऊंनी हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. पोरीने, यशोधराने, हैदराबादची नोकरी धरली, तिथलाच नवरा ठरवला, तेही यांना न विचारता. तेव्हा रागाच्या भरात ते म्हणाले होते, "जातीस तर जा. परत या घरात येऊ नकोस." शब्द तोंडातून सुटला आणि लगेच तो परत घ्यावासा वाटला. दुसऱ्या दिवशी ते लोणावळ्याला तिला गाडीत बसवायला गेले, ते माफी मागायचीच असं ठरवून. पण फलाटावर त्यांची जीभ उचलेना. यशोधरा चढली. पुण्यापर्यंत सोबत म्हणून आक्काबाईही चढली. एसीचा डबा, खिडकी कायमची बंद, काच जाड. गाडी सुटायच्या बेतात यशोधरा काचेला चेहरा टेकवून काहीतरी बोलली. ओठ हलले. आवाज बाहेर आला नाही.

"येऊ नका, आबा, असं म्हणली ती," भाऊ म्हणाले. "मी तिला जे बोललो तेच तिनं मला परत दिलं. काय चुकलं तिचं? मी मान हलवली. न्हाई येणार बाळा, म्हणून. आन पाठ फिरवून जिना चढलो. तिला डोळं दिसू द्यायचं नव्हतं."

आक्काबाई पिशवी सोडून खाटेवर बसली. ती हलती मान तिनेही आतून पाहिली होती. पोरगी पुण्यापर्यंत रडत होती, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवताना आक्काबाईने मनाशी पक्कं केलं होतं, की आपला नवरा म्हणजे दगड आहे. पुढे तिने तो विषय कधी काढला नाही. काढला असता तर नवरा तिच्या मनातून आणखीच उतरला असता. नुसती दर वर्षी दोन तिकिटं काढायची आणि एकटी जायची.

"आवं," ती कशीबशी म्हणाली, "मी तिच्या शेजारी बसलेली. माज्या कानानं ऐकलंय. येऊ नका न्हाई म्हणली ती. रोज कामाला निघताना तुमाला म्हणायची ना, तसंच म्हणली. 'येऊ का, आबा?' आन तुमी न्हाई म्हणलात."