भिंतीचा अर्ज

सोलापूरच्या हद्दवाढ भागातलं सरकारी हायस्कूल पत्र्याच्या खोल्यांतून नव्या इमारतीत आलं आणि सोनम मॅडमचा नववीचा बीजगणिताचा वर्ग एका लांबलचक हॉलमध्ये भरू लागला. आर्किटेक्टनं वर्गांमध्ये भिंती घातल्याच नव्हत्या. म्हणे, ज्ञान मोकळं वाहिलं पाहिजे. ते वाहायचं शेजारच्या आठवीतून, कारण तिथं मंद्रूपचे शहाजी सर इतिहास शिकवायचे आणि त्यांचा आवाज लई दांडगा.

मॅडमनी भिंतीसाठी तीन अर्ज दिले. हेडसरांनी तिन्ही हसून परत केले.

सहामाही परीक्षा झाली. हेडसरांनी मॅडमना बोलावून त्यांच्या वर्गातल्या अंकिताचा बीजगणिताचा पेपर पुढ्यात ठेवला. प्रश्न होता, ‘क्षची किंमत काढा.’ अंकितानं लिहिलं होतं, ‘असहकार चळवळ’.

“बघा की सर!” मॅडमनी पेपर हेडसरांकडं सरकवला. “हुशार पोरीचं वर्ष वाया चाललंय. आता तरी भिंत घाला.”

“भिंत उद्याच घालू,” हेडसर चष्मा काढत म्हणाले.

“पण मॅडम, ह्या उत्तराला पाचपैकी पाच मार्क तुमीच दिलेत की.”