हिरवी टिकली

अमरावतीच्या निवडचाचणीआधी मुलींनी जास्त वजन उचलावं म्हणून मीच शाळेच्या जिममध्ये तक्ता लावला होता: आकडा वाढला की नावापुढे हिरवी टिकली. आज नववीतल्या दीक्षाने खांद्यावर नेहमीपेक्षा जड रॉड घेतला आणि बैठक मारण्याआधीच तिचा गुडघा आत वळून थरथरू लागला. “ठेव स्टँडवर!” मी ओरडले. “भ्याली काय वं?” रांगेतून प्राजक्ता हसली. दीक्षाने दात आवळले. “टिकली भेटल्याबिगर ठेवत नाई, मॅडम.” धक्का लागला तर तोल जाईल म्हणून मला तिला धरताही येईना. तिने श्वास रोखला. मी शेजारच्या तक्त्यावर तिच्या नावापुढे न उचललेला आकडा लिहिला, टिकली चिकटवली. “भेटली! आता ठेव.” रॉड खणकन स्टँडवर बसला. “तिच्याहून जास्ती प्लेटा लाव,” तक्ता वाचून प्राजक्ता मैत्रिणीला म्हणाली आणि रॉडखाली शिरली.