ओबदुलियाचं देणं
अँटिओकियाच्या डोंगरातल्या त्या घराण्यात चाळिशी उलटली की माणसं पोटच्या पोरांनाही विसरायची. ओबदुलियाचंही तेच झालं. एका सकाळी तिने प्राण सोडला आणि तिच्या लेकीने, फाबिओलाने, शहरातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांची गाडी बघताच फाबिओलाचा थोरला भाऊ आर्सेसिओ भडकला. “आईला कापायला देतेस? लाज नाही वाटत?” “तिनंच सांगितलंय, दादा. शुद्धीत होती तेव्हा. म्हणाली, माझा मेंदू डॉक्टरांना द्या, औषध शोधतील. आमच्या पिढ्या गेल्या, निदान नातवंडं वाचू देत.” अंगणात आर्सेसिओची पोरं कोंबड्यांमागे धावत होती. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. आता हा गाडी हाकलून देणार, असं फाबिओलाला वाटलं. पण स्ट्रेचर बाजूला सारून त्याने आईला स्वतः उचललं, चिखलातून जपून गाडीपर्यंत नेलं आणि तिच्या कपाळावर ओठ टेकले. “जा आई,” तो म्हणाला, “त्यांना सगळं नीट दाखव.”