अठरा चुण्या

अकराव्या दुकानातही शिंप्याने आधी फोटो टेबलावर ठेवला आणि मग मेनूकार्ड उघडलं.

"ही मुलगी इथे कामाला आहे का?"

वाढणाऱ्या बाईने फोटोकडे ओझरतं पाहिलं. "नाही. काय आणू?"

आठ दिवस हेच चाललं होतं. डम्पलिंग, डिमसम, मोमो असलं काही विकणारी इतकी दुकानं एका शहरात असतील, असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. कुठे बांबूच्या टोपल्यांची चळत छताला भिडलेली, तर कुठे नुसता एक पत्र्याचा मोदकपात्रासारखा डबा आणि दोन स्टुलं. एका ठिकाणी आतली कोळंबी दिसेल इतक्या पातळ पारीचे, दुसऱ्या ठिकाणी तव्यावर खरपूस भाजलेले, तिसरीकडे पोटात कढत रस्सा भरलेले. त्या रश्शाने पहिल्याच घासाला त्याची जीभ पोळली होती. यातलं काहीच त्याला आवडत नव्हतं. पण न खाता नुसतं बसून राहिलं तर हाकलून देतील, म्हणून तो प्रत्येक ठिकाणी एक टोपली मागवायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे डोळे लावून चावत बसायचा.

मुलगी घर सोडून गेली त्याला तीन वर्षं झाली होती. ना पत्ता, ना फोन. गेल्या महिन्यात माळ्यावरच्या ट्रंकेत, बायकोच्या जुन्या कपड्यांच्या घडीत, त्याला एक कागदी रुमाल सापडला. त्यावर वाफाळत्या टोपलीचं चित्र होतं, या शहराचं नाव होतं आणि मुलीच्या अक्षरात दोन शब्द होते : 'काळजी नको.' दुकानाचं नाव होतं तो कोपरा नेमका फाटलेला. त्याने शिलाई मशीनवर कापड टाकलं, दुकानाला कुलूप ठोकलं आणि मिळेल त्या गाडीने इथे आला.

आता पाय सुजले होते. सोबत आणलेल्या दोन शर्टांपैकी एकालाही इस्त्री नव्हती. यादीतली चार दुकानं उरली होती. तीही संपली तर काय, हा विचार आला की घरातल्या त्या दोन खोल्या आठवायच्या, तिथली शांतता आठवायची.

टोपली आली. झाकण उघडलं, वाफ चेहऱ्यावर आली. वाफ विरल्यावर त्याने एक डम्पलिंग उचललं आणि तसंच हातात धरून राहिला.

चुण्या. एकीसारखी दुसरी, जराही कमीजास्त नाही, आणि सगळ्या डावीकडे वळलेल्या. त्याने नखाने मोजल्या. अठरा. फ्रॉकच्या घेराला अशाच चुण्या घालायला त्याने तिला शिकवलं होतं, ती आठ वर्षांची असताना. दुसऱ्या कुणाच्या हातून अशा चुण्या पडणंच शक्य नव्हतं.

खुर्ची मागे लोटून तो काउंटरपाशी गेला. मालकीणबाई तिथे उभी राहून ऑर्डरी लिहीत होती.

"हे तिनेच केलंय," तो म्हणाला. डम्पलिंग त्याच्या मुठीत चेंगरलं होतं. "खोटं बोलू नका. या चुण्या मी शिकवल्यात तिला."

मालकीणबाईने पेन खाली ठेवलं. "कशा शिकवल्यात?"

"म्हणजे?"

"पोरीच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. म्हणून विचारते, कशा शिकवल्यात?"

दुकानातले चमचे थांबले. शिंप्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"शिस्त लावली. बाप आहे मी तिचा." मग त्याचा आवाज एकदम फाटला. "चुकलं असेल माझं. हात उचलायचो, मान्य. पण आता भांडायची वेळ नाही हो." त्याने भर दुकानात हात जोडले. "तिची आई अंथरुणाला खिळलीय. शेवटच्या घटका मोजतेय. रात्रंदिवस पोरीचंच नाव घेते. मायलेकींची एकदा गाठ पडू द्या. फक्त एकदा! मग पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही. तुमच्या पाया पडतो."

तो खरोखरच वाकला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला भान नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी चष्मा काढला.

"अहो, बोलवा की तिला," आजी म्हणाल्या. "आईचा जीव अडकलाय तिकडे. असं काय करता?"

मालकीणबाईने ऑर्डरींची वही मिटली. मग स्वयंपाकघराकडे मान वळवून म्हणाली, "ऐकलंस ना? यायचं असेल तर ये. नसेल तर मी बघते याचं काय करायचं ते."

आतून लाटण्याचा एकसुरी आवाज येत होता. तो थांबला. नळ सुरू झाला, बंद झाला. पडदा सरकला.

शिंप्याने मुलीला जवळ घ्यायला दोन्ही हात पुढे केले, आणि ते तसेच हवेत राहिले.

कोपरापर्यंत पिठाने माखलेली, पिकल्या केसांची एक बाई बाहेर आली. घाई न करता तिने ॲप्रनला हात पुसले, एक खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. एकतीस वर्षांच्या संसारात ती त्याच्यासमोर कधी खुर्चीवर बसली नव्हती.

"मरायला टेकलेली नाही मी," त्याची बायको म्हणाली. "सोडून आलेय तुम्हाला."