मागची सीट

"आणि मागे कुणी बसूच शकणार नाही ना?" मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

शोरूममधला विक्रेता एव्हाना जेरीला आला होता. "काका, मागे छताची घडी बसते. माणूस सोडा, मांजरसुद्धा मावणार नाही. मागे सीट हवीच असेल तर ती पलीकडची बघा. तिचंही छत उघडतं, आणि चौघं आरामात बसतात."

"नको. हीच," मास्तर म्हणाले.

मास्तरांनी हयातभर लोकांना गाडी शिकवली होती. आता ड्रायव्हिंग स्कूल बंद करून ते घरी बसले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. असा माणूस चांगली धावती गाडी देऊन दोन सीटची, छत उघडणारी गाडी घ्यायला निघाला की लोक गालातल्या गालात हसणारच. समोरच्या घरातल्या बाईंनी तर दुसऱ्या सीटवर कोण बसणार याचा अंदाजही बांधून टाकला. मास्तरांनी कुणाचं काही मनावर घेतलं नाही. त्यांना घाई होती. कोणकोणते रंग आहेत हेदेखील त्यांनी विचारलं नाही; जी तयार होती ती उचलली.

जुनी हॅचबॅक काही वाईट नव्हती. बुटकी, चपळ, ॲक्सिलरेटरला पाय लावायचा अवकाश की सुटायची. जावयाचा तर तिच्यावर भारी जीव. मास्तर लेकीला भेटायला गेले की फेरफटका ठरलेला, आणि बसायच्या जागाही ठरलेल्या: मास्तर चालवणार, शेजारी जावई, मागे लेक. आरशात मास्तरांना तिचे नुसते डोळे दिसायचे. तिला काही विचारावं तर उत्तर शेजारून यायचं.

"मजेत आहे ती, बाबा. वेंधळी आहे जरा, इतकंच. परवा स्वतःच्याच बोटांवर दार लावून घेतलं." तिच्या वेंधळेपणाचे किस्से तो असे रंगवून सांगायचा की मास्तरही हसायचे.

फोन केला तर तोही जावईच उचलायचा आणि स्पीकर लावून तिच्याकडे द्यायचा. बायकोला क्षणभर नजरेआड होऊ देत नाही, असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं सगळे नातेवाईक म्हणायचे.

पण लग्न झाल्यापासून लेक मास्तरांना एकटी म्हणून भेटलीच नव्हती. त्यांना तिची फार आठवण यायची. तिला शेजारी बसवून एक चक्कर मारायची, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि तेवढ्यासाठी गेले काही आठवडे त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पेपर हातात घ्यायचे, बाजूला ठेवायचे. चहा गार व्हायचा.

शिकवायच्या गाडीत त्यांचा एकच कडक नियम असे: शिकणाऱ्याच्या घरचं माणूस मागे बसणार नाही. मागे नवरा बसला की बाईचं लक्ष रस्त्यावर राहत नाही. क्लचवरचा पाय लटपटतो, आणि विचारलं तर म्हणते, मला येतंय सगळं. मास्तर अशा नवऱ्यांना गोड बोलून फाटकाशीच उतरवत.

गाडी ताब्यात आली तशी ते सकाळीच लेकीच्या दारात जाऊन उभे राहिले. जावई बाहेर आला. त्याने बॉनेटवरून हात फिरवला, आत डोकावला आणि त्याचा चेहरा पडला.

"बाबा, हे काय सुचलं तुम्हाला? तिघांनी जायचं कसं?"

"एकेक करून. आधी तुम्ही, जावईबापू. मान तुमचा."

जावई खूश झाला. मास्तरांनी त्याला चांगलं लांबवर फिरवलं. छत मिटून दाखवलं, उघडून दाखवलं, मायलेजपासून टायरपर्यंत त्याच्या सगळ्या शंका ऐकून घेतल्या. परत आले तेव्हा लेक फाटकाशी उभी होती. मास्तरांनी इंजिन चालूच ठेवलं.

"चल, आता तुझी पाळी," ते तिला म्हणाले.

"हिला वारा सोसत नाही हो," जावई उतरता उतरता म्हणाला. "नाहीतर असं करा ना, मीच हिला फिरवून आणतो. तुम्ही बसा निवांत. किल्ली द्या."

लेकीने खाली पाहिलं. मास्तर हसले, पण जागचे हलले नाहीत.

"नवं इंजिन आहे. सुरुवातीला एकाच हाताने चालवलेलं बरं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही जाणकार."

जाणकार म्हटल्यावर जावयाला हट्ट धरता येईना. "बरं. कोपऱ्यावरून वळून लगेच या," तो म्हणाला आणि बायकोच्या हातातला फोन त्याने अलगद काढून घेतला. "दे इकडे. वाऱ्याने उडायचा."

लेक आत बसली. मास्तरांनी छत लावून घेतलं, तिने पट्टा बांधल्याची खात्री केली आणि गाडी काढली. जावयाने फाटकातून हात हलवला. त्यांनीही हलवला.

कोपरा आला आणि गेला. पुढचा चौक गेला. मग पूल लागला. मास्तर गाडीचा वेग वाढवतच होते.

लेकीने आधी मागे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बाबा, वळायचं राहिलं. ते वाट बघत असतील."

"बघू दे," मास्तर म्हणाले. त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "आपण आत्याकडे चाललोय. तिने वकीलबाईंना बोलावून ठेवलंय. आता गाडीत तिसरं कुणी नाही, बाळा. तो तुला कधीपासून मारतो, ते सांग."