सहावा मावसभाऊ

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या रस्त्यावरून दर जूनमध्ये समलिंगी लोकांची प्राइडची मिरवणूक निघायची, आणि ऑर्विल आणि थॅडियस दरवर्षी खिडकीचा पडदा ओढून आतूनच बँडचा आवाज ऐकायचे. ऑर्विल चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. लोकांच्या नजरेत यायचं नव्हतं. यंदा तो निवृत्त झाला, म्हणून दोघं पहिल्यांदाच बाहेर पडले. पण अलाबामातलं ऊन ते! दोन चौक गेले नाहीत तोच थॅडियसला घेरी आली.

प्रथमोपचाराच्या तंबूत थॅडियस खाटेवर डोळे मिटून पडला होता. ऑर्विल त्याच्या कपाळावर ओला रुमाल धरून बसला. लाट्रीस नावाची नर्स कागद भरायला आली.

"यांचं वय?"

"त्र्याहत्तर."

"तुम्ही यांचे कोण?"

"मावसभाऊ," ऑर्विल म्हणाला. घरमालकाला, डॉक्टरांना, पाद्रीबुवांना इतकी वर्षं हेच सांगत आलेला. आताही तेच तोंडातून निघालं.

लाट्रीसचं पेन थांबलं. "आजोबा, सकाळपासून या तंबूत आलेले तुम्ही सहावे मावसभाऊ."

ऑर्विलला हसूही आलं नाही. आता कुणाला भ्यायचं कारण उरलं नव्हतं, तरी दुसरा शब्द काही केल्या तोंडातून फुटेना. त्याने मान खाली घातली.

खाटेवरून थॅडियसचा थकलेला आवाज आला. डोळे अजून मिटलेलेच होते.

"नवरा लिही, बाळा. एकेचाळीस वर्षं याचा भाऊ होऊन दमलोय मी."