बिनतारी

माझ्या जुन्या लॅपटॉपवर नवी सिस्टिम चढवली आणि त्याचं वायफाय बंद पडलं. मग बाहेरच्या खोलीतल्या राउटरपासून आतल्या टेबलापर्यंत लांबलचक वायर ओढून मी काम भागवलं. दुसऱ्याच दिवशी आई तिच्यात पाय अडकून पडता पडता वाचली.

“ही वायर घरातून गेली नाही, तर मी घर सोडून जाईन,” तिने ठणकावलं.

वायर तात्पुरती डोक्याच्या वर खिळ्यांना ताणून बांधली आणि मी कामाला लागलो. वायफाय चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, सिस्टिमच्या जुन्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी लिहिलेला आणि नव्या कर्नलमध्ये अर्ध्या फंक्शन्सची नावंच बदललेली. एक चूक निस्तरली की चार नव्या दात विचकत पुढे उभ्या. “अरे, नवा लॅपटॉप घे ना एखादा,” बायकोने अक्षरशः हात जोडले. पण मी इरेला पेटलो होतो.

अठराव्या दिवशी सकाळी स्क्रीनच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह उजळलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तसाच पक्कड घेऊन स्टुलावर चढलो आणि ओरडलो, “आई, ये बघायला! तुझी वायर चालली!”

आई हातातली बादली तिथेच आपटून धावत आली.

 

“खबरदार त्या वायरला हात लावलास तर! घर सोडून जाईन मी! ओले टॉवेल काय तुझ्या वायफायवर वाळत घालू?”